डोंगर चढावा, कर्ज चढू नये

लग्न ठरले की पूर्वी आपल्या वस्तीत एकच प्रश्न असायचा, मांडव केवढा घालायचा? जागेचा प्रश्नच नव्हता. मांडव दारात पडायचा, शेजारणी पोळपाट-लाटणे घेऊन यायच्या, तरुण मुले पिंप भरून ठेवायची आणि रस्त्यावरच सतरंज्या अंथरून पंगती उठायच्या. पुढे रस्त्यावर गाड्या वाढल्या, दारापुढची जागा गेली आणि हॉल आले. हॉलच्या मागोमाग लॉन्स आले. आता गेल्या काही वर्षांत आणखी एक मागणी घराघरांतून ऐकू येते. मुलेमुली म्हणतात, आमचे लग्न डोंगरावर लावा.

ही मागणी कानावर आली की घरातली मोठी माणसे चिडतात. मोबाईलवर चित्रे बघून पोरांना खूळ लागले, म्हणतात. त्यात थोडे खरे आहेच. पण सगळेच खूळ म्हणून झटकून टाकू नये. आपण नाशिककर आहोत. जिकडे मान वळवावी तिकडे डोंगर. आपल्या आयाबायांच्या आयुष्यात सहल अशी कधी नव्हती, पण बुद्ध पौर्णिमेला भाकरी बांधून त्रिरश्मी लेण्यांवर जाणे होते. तेव्हा डोंगराची ओढ आजच्या पोरांनी मोबाईलमधून आणली असे नाही. ती घरातही होती. म्हणून मुलांवर ओरडण्याऐवजी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याबरोबर बसावे. आमच्या घरी आम्ही तसे बसलो. त्यातून जे हाती आले ते इतर घरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून लिहिते.

आमचे घर द्वारकेला. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता जिथे भेटतात त्या चौकापासून चालत पाच मिनिटांवर, दोन खोल्या. हे रिक्षा चालवतात, द्वारका ते नाशिकरोड. मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. थोरली सासरी सुखात आहे. धाकटी अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. सासूबाई ऐंशीला टेकल्या आहेत. धाकटीचे लग्न मनमाडच्या घरी ठरले. मुलगा तिथे कंत्राटी कामाला, स्वभावाने शांत, निर्व्यसनी.

सुपारी फुटल्यावर धाकटी म्हणाली, "आई, लग्न डोंगरावर करू या." तिचे कारण मला मोबाईलमधले वाटले नाही. दोन वर्षे ती रविवारी लेण्यांवर जात होती. तिथे काही मुले शिलालेखांची जुनी लिपी शिकवतात, तिथे तीही शिकली. दगडावरची अक्षरे बोटाने दाखवत ती आम्हाला वाचून दाखवायची. तिला त्या डोंगराच्या सान्निध्यात संसाराला सुरुवात करायची होती. पोरीने आजवर आमच्याकडे फारसे काही मागितले नव्हते. त्यामुळे नाही म्हणणे जड होते, आणि हो म्हणणे खिशाला जड होते.

आमच्याजवळ होते दोन लाख चाळीस हजार. त्यात माझी भिशी, यांची बचत आणि धाकटीने पगारातून बाजूला टाकलेले पैसे. याच्यापुढे एक रुपया लागला तरी तो उसना.

पहिल्यांदा आम्ही पाहिले इगतपुरीकडचे एक रिसॉर्ट. नाव सांगत नाही, कारण असे अनेक आहेत. जागा सुरेख. समोर डोंगरांची रांग, हिरवळ, पांढऱ्या खुर्च्या. तिथल्या माणसाने भाव सांगितला आणि धाकटीने वहीत उतरवून घेतला. जागेचे एका दिवसाचे दीड लाख. ताट नऊशे रुपये, दोनशे माणसांचे एक लाख ऐंशी हजार. पंधरा खोल्या, प्रत्येकी चार हजार, म्हणजे साठ हजार. सजावट त्यांच्याच माणसाकडून करायची, तिचे साठ हजार. दोन बसगाड्या आपल्या, तीस हजार. एकूण चार लाख ऐंशी हजार, आणि वर कर वेगळा.

म्हणजे आमच्याजवळ होते त्याच्या बरोबर दुप्पट.

परतताना हे म्हणाले, "शेवटचे लग्न आहे घरातले. उरलेले कर्जाने काढू. रिक्षा आहे, फेडू." बापाचे मन तसेच असते. मी घरी येऊन हिशेब मांडला. आमच्या भागात खासगी पैसा शेकडा दोन टक्के महिन्याने मिळतो. दोन लाख चाळीस हजारांचे महिन्याचे व्याज होते चार हजार आठशे. एका साडीमागे, फॉल आणि दोरा वजा जाता, मला साठ रुपये सुटतात. म्हणजे महिन्याला ऐंशी साड्या मी फक्त व्याजासाठी शिवायच्या. मुद्दल आहे तिथेच. हे सगळे एका दिवसाच्या हिरवळीसाठी. मी तो कागद यांच्यापुढे ठेवला. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरी जागा पाहू."

एक गंमत धाकटीनेच शोधून काढली, तीही सांगते. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे. इगतपुरीचीही उंची जवळपास तेवढीच. म्हणजे डोंगराच्या उंचीचे म्हणून जे पैसे मोजायचे, तेवढ्या उंचीवर आपली द्वारकेची खोली फुकटात उभी आहे! फरक उंचीचा नाही, समोर काय दिसते त्याचा आहे. हे एकदा ध्यानात आले की जागा शोधण्याची तऱ्हाच बदलते. डोंगरावर बसायचे की डोंगर समोर ठेवायचा, हा खरा प्रश्न आहे. पहिल्याला लाखो लागतात, दुसऱ्याला लागत नाहीत.

धाकटीच्या मनात मात्र लेणीच होती. तिथे थेट वर, लेण्यांसमोरच्या ओट्यावर विधी लावता येईल का, असे तिला वाटत होते. अनेक घरांत हा विचार येतो, म्हणून स्पष्ट सांगते. त्रिरश्मी लेणी भारतीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहेत. अशा स्मारकांबाबतचे नियम १९५९ चे आहेत. त्यांनुसार लेखी परवानगीशिवाय तिथे समारंभ, स्वागत, मेजवानी करता येत नाही. परवानगी दिलेली जागा सोडून स्वयंपाक करता येत नाही आणि जेवणही नाही. रूढ धार्मिक प्रथांना नियमात जागा आहे. वंदना करा, ध्यान करा. पण पंगत, मांडव, ध्वनिक्षेपक हे सारे तिथे बसत नाही. कोणी म्हणेल, आपलीच लेणी आणि आपल्यालाच बंदी? मला तसे वाटत नाही. दोन हजार वर्षे टिकलेला दगड आपल्या तेलाच्या हातांनी आणि फुलांच्या कचऱ्याने खराब व्हायचा नसेल, तर हा नियम आपल्याच भल्याचा आहे.

शिवाय लेणी कशासाठी होती तेही पाहावे. ती भिक्खूंच्या वर्षावासाची जागा. लग्न हा उपासकांचा, गृहस्थांचा व्यवहार. श्रीलंकेसारख्या देशांतही भिक्खू लग्न लावत नाहीत, आशीर्वादाचे पठण करतात. लग्न घरची माणसे लावतात. आपल्याकडे बौद्धाचार्य विधी करतात. भारतीय बौद्ध महासभा बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केली, तिच्या प्रशिक्षणातून तयार झालेले बौद्धाचार्य आज गावोगाव आहेत. तेव्हा लग्न पवित्र व्हायला ते लेणीतच लागले पाहिजे असे नाही.

पण त्या लेण्यांत गृहस्थांचेही नाव आहे, आणि तेच मला सर्वांना सांगावेसे वाटते. तिथल्या चोवीस लेण्यांपैकी तिसरे लेणे राजमाता गौतमी बलश्रीच्या दानाचे. आठव्या लेण्याच्या शिलालेखात मुगुदास नावाचा दाता आहे. तो मच्छीमार होता असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. अठराव्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचे दान धंभिक गावाचे, म्हणजे एका अख्ख्या गावाने मिळून केलेले. दहाव्या लेण्यात दक्षमित्रेने दिलेल्या खोलीचा उल्लेख आहे. राजमाता, राजकन्या, मासे धरणारा माणूस आणि वर्गणी काढणारे गाव. ज्याची जेवढी ऐपत तेवढे त्याचे दान, आणि नावे सगळ्यांची एकाच डोंगरात.

त्या दक्षमित्रेचा नवरा उषवदात, क्षत्रप नहपानाचा जावई. आपल्याकडे जावई म्हटले की घेणारा. हा देणारा होता. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून दिले. कोणाकडे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. हे गोवर्धन गाव नाशिकजवळ आजही आहे. दोन हजार एका श्रेणीकडे शेकडा एक टक्का महिन्याने, एक हजार दुसरीकडे पाऊण टक्क्याने. अट एकच, मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब पैशापैशाला जुळतो. आणि तो दगडात कोरला आहे, कोणी खोडू नये म्हणून.

धाकटीने हा लेख मला समजावून सांगितला तेव्हा मी तिला म्हटले, "बघ, तुझ्या त्या डोंगरावरच लिहिले आहे. पैसा असा लावावा की मुद्दल राहील आणि अंगावर कपडा येईल. आपण मात्र उलटे करायला निघालो होतो, व्याज भरायचे आणि मुद्दल तसेच." ती हसली, पण तिला ते पटले असे मला वाटले.

तरी मन वळले ते माझ्या हिशेबाने नाही. सासूबाईंनी वळवले.

लेण्यांपर्यंतची चढण तरुण माणसाला वीस मिनिटांची. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. शेजारची मुले म्हणाली, आजीला खुर्चीत बसवून चौघे उचलून नेऊ, काळजी करू नका. मुलांचे मन चांगले. सासूबाई मात्र ताठ झाल्या. म्हणाल्या, "मला उचलून नेऊ नका. त्या डोंगरावर मी माझ्या पायांनी गेलेली बाई आहे." छप्पन्न साली धम्मदीक्षा झाली तेव्हा त्या दहा वर्षांच्या. त्यानंतर लग्नाआधी वडिलांबरोबर, मग मामंजींबरोबर, मग आमच्या मुलांना कडेवर घेऊन त्या वर गेल्या. गेली सहा वर्षे जाता आले नाही. पण आपल्याला ओझ्यासारखे कोणी वर न्यावे हे त्यांना मान्य नव्हते.

धाकटी त्यांच्या पायाशी बसली होती. म्हणाली, "आजी जिथे स्वतःच्या पायांनी येईल, तिथेच माझे लग्न." आणि वहीत लिहिलेल्या सगळ्या जागा तिने त्याच रात्री खोडल्या.

मग शोध सुरू झाला पायथ्याच्या जागेचा. आमच्या द्वारकेपासून मुंबई नाक्यावरून महामार्गाने सरळ गेले की सात-आठ किलोमीटरवर पाथर्डी फाटा आणि पुढे त्रिरश्मीचा डोंगर. पायथ्याशी महापालिकेचे दादासाहेब फाळके स्मारक आणि त्याला लागून बुद्ध स्मारक. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी, विजयादशमीला, श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची फांदी तिथे लावली गेली. या पट्ट्यात लहानमोठे हॉल आणि लॉन्स आहेत. आम्ही सहा पाहिले. सहावा लहानसा, पण त्याच्या अंगणात उभे राहिले की डोंगर पुरा दिसतो. पायऱ्या फक्त दोन. बायकांसाठी वेगळे स्वच्छतागृह. पाण्याची टाकी मोठी. सिटीलिंकची बस जवळपर्यंत येते.

भाडे विचारले तर मालकाने आधी तारीख विचारली. लग्नतिथीला पंचेचाळीस हजार, तिथी नसलेल्या रविवारी पंचवीस. हे ऐकून हे माझ्याकडे पाहून हसले. आपल्याला मुहूर्ताशी काय करायचे? आपण पंचांग पाहत नाही, मग पंचांगाचे भाडे का भरावे? पण खरे सांगायचे तर आपलीच पुष्कळ घरे सोयीची म्हणून लग्नतिथीच्याच तारखा धरतात आणि वीस हजार जास्तीचे मोजून येतात. आम्ही फेब्रुवारीतला बिनमुहूर्ताचा रविवार धरला. मधला वार आणखी स्वस्त पडला असता, पण आपल्या लोकांचा खाडा होतो. पाहुण्याची मजुरी बुडवून आपले भाडे वाचवणे बरे नाही.

मनमाडकरांशी बोलणे राहिले होते. विहीणबाई मनाने मोकळ्या, पण त्यांच्या दिरांचा सूर वेगळा होता. "इगतपुरीचे बोलणे झाले होते. लोक काय म्हणतील?" असे ते म्हणाले. त्यावर जावई होणारा मुलगा बोलला. "काका, सकाळच्या पंचवटीने आपली माणसे नाशिकरोडला उतरतील, द्वारकेवरून तासाभरात जागेवर. जेवून संध्याकाळी घरी. लोक म्हणतील लवकर पोहोचलो." सगळे हसले. मग मी धीर करून दुसरी गोष्ट काढली. म्हटले, "विहीणबाई, खर्च निम्मा-निम्मा करू. लग्न दोन्ही घरांचे आहे." क्षणभर कोणी बोलले नाही. मग विहीणबाई म्हणाल्या, "माझ्या लग्नात माझ्या बापाने बैलजोडी विकली होती, ताई. मला माहीत आहे. निम्मा करू."

लग्न तसे झाले. सासूबाई काठी टेकत, दोन पायऱ्या स्वतः चढून आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. तिथून त्यांना डोंगर दिसत होता. वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत. डिसेंबर १९५६ च्या पहिल्या आठवड्यात, महापरिनिर्वाणाच्या अगदी तोंडावर, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहाचा विधी सांगितला आहे. होम नाही, सप्तपदी नाही. पाटावर नवे मातीचे मडके, त्यात काठोकाठ पाणी. त्या पाण्यातून सुताचा धागा, त्याची दोन टोके दोघांच्या हातात, आणि मंगलसुत्ताचे पठण. या विधीला किती खर्च येतो ते सांगा बरे! मडके, सूत आणि मेणबत्त्या धरून आमचे दोनशे रुपयेही झाले नाहीत. बाकी जो खर्च होतो तो लग्नाचा नसून लग्नाच्या भोवतीचा असतो. तो किती करायचा हे आपल्या हातात आहे.

आमचा भोवतीचा खर्च असा झाला. हॉल पंचवीस हजार. अडीचशे माणसांचे जेवण, ताट एकशे चाळीसप्रमाणे, पस्तीस हजार. शिधा आम्ही दिला नाही, आचाऱ्याकडेच सगळे सोपवले. फोटो पंधरा हजार. ध्वनिक्षेपक आणि दिवे सहा हजार. फुले आणि मंच सात हजार. पत्रिका तीन हजार. म्हाताऱ्या-आजाऱ्यांसाठी गाड्या आणि एक मिनीबस नऊ हजार. विधीचे साहित्य आणि दान दोन हजार. एकूण एक लाख दोन हजार, आमच्या वाट्याला एक्कावन्न हजार. बस्ता आमचा वेगळा, अडतीस हजार. सोने नवे घेतले नाही, सासूबाईंनी आपल्या जुन्या पुतळ्या मोडून दिल्या. म्हणजे आमचे गेले एकोणनव्वद हजार, उरले एक लाख एक्कावन्न हजार. त्यातले एक लाख धाकटीच्या नावाने बँकेत ठेव म्हणून ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही असे तिने स्वतःच ठरवले आहे. उरलेले एक्कावन्न हजार सासूबाईंच्या गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे नवदांपत्य आणि घरातली तरुण मुले तिकीट काढून लेण्यांवर गेली, वंदना करून आली. डोंगरावर जायची धाकटीची इच्छा अशी पुरी झाली.

आता ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांच्यासाठी थोडे.

ज्यांची ऐपत पन्नास हजारांच्या आतली आहे त्यांनी जागेवर पैसा घालूच नये. वस्तीतल्या विहारात किंवा दारात विधी लावावा, साधे जेवण द्यावे आणि दुसऱ्या दिवशी वधू-वरांना डोंगरावर वंदनेला न्यावे. बसभाडे आणि तिकीट एवढाच खर्च. सामुदायिक विवाहात लग्न लावणाऱ्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध जोडप्यांसाठी समाजकल्याण खात्याची कन्यादान योजना आहे, तिची चौकशी खात्याच्या कार्यालयात जाऊन आधीच करावी.

ज्यांच्याकडे लाख-दीड लाख आहेत त्यांनी पायथ्याची जागा पाहावी. डोंगर दिसणारी, पण चढण नसलेली. बिनमुहूर्ताची तारीख घ्यावी. जागा पाहायला जाताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्यावे. ते जिथे अडखळतील तिथे शंभर पाहुणे अडखळतील.

ज्यांच्या हाती जास्त आहे आणि ते कर्जाचे नाही, त्यांनी घाटातली जागा जरूर घ्यावी. आनंद करण्यात काही वाईट नाही. पण माणसे चाळीस-पन्नासच न्यावीत आणि बाकीच्यांना नंतर वस्तीतच जेवण द्यावे. भाव करासकट लेखी घ्यावा. जनित्र कोणाचे, पाण्याचा टँकर कोणाचा, लग्न पुढे गेले तर आगाऊ रक्कम किती परत, हे पावतीवर लिहून घ्यावे. जून ते सप्टेंबर इगतपुरीला पाऊस धो धो असतो, उघड्यावरची हिरवळ तेव्हा विसरावी. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा वाजवता येत नाही, असा २००० सालापासूनचा नियम आहे. तो डोंगरातही लागू आहे. आणि रात्री घाटातून माणसे परत आणायची वेळ येऊ देऊ नये.

जागा कुठलीही असो, लग्नाची नोंदणी करून घ्यावी. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. पत्रिका, विधीचा फोटो, दोघांचे वयाचे आणि राहण्याचे दाखले, तीन साक्षीदार एवढी तयारी ठेवावी. डोंगरावरच्या हजार फोटोंपेक्षा हा एक कागद पुढे मुलीच्या उपयोगी पडतो.

आणि मुलांचे ऐकावे. मुलगी डोंगर मागते तेव्हा ती नेमके काय मागते आहे ते बसून विचारावे. कधी तिला चित्र हवे असते, कधी शांतता, कधी आपल्या इतिहासाजवळ उभे राहायचे असते. यांतले बहुतेक सगळे कर्जाशिवाय देता येते. लग्न उरकल्यावर दुसऱ्या महिन्यात दारात हप्ता मागणारा माणूस उभा नसला म्हणजे आई-बाप निश्चिंत, आणि सासरी गेलेल्या मुलीच्या मनावरही ओझे नाही.

जयभीम.